हौशी मंडळाचं काम अंगावर घेताय? या चुका टाळा

जानेवारीतला रविवार, पहाटेचे पावणेसहा. तुळजापूर नाक्यावर चहाच्या टपरीसमोर मी उभी. गळ्यात दुर्बीण, एका पिशवीत मोजणीची पत्रकं, पॅड आणि सहा पेनं, दुसऱ्या पिशवीत वीस जणांना पुरतील एवढ्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा. आदल्या रात्री ग्रुपवर ‘उद्या कोण कोण येणार?’ असं विचारल्यावर एकोणीस अंगठे आले होते. सहा वाजता दोघं आले. सव्वासहाला तिसरा आला आणि गाडी स्टँडला लावायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, आठला मोकळं कराल ना? सासरे येताहेत, स्टेशनवर जायचंय.”

सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव काही डबकं नाही. इंग्रजांच्या काळात आदिला नदी अडवून बांधलेला. काठाकाठानं पक्षी मोजायचे तर आम्हाला चार तुकड्या लागतात आणि एका तुकडीत दोघं: एक दुर्बिणीतून बघणार, दुसरा लिहिणार. आम्ही होतो चौघं, त्यातला एक आठला जाणार. त्या वर्षी उत्तरेकडचा काठ मोजलाच गेला नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि तिची सगळी किंमत एवढ्यातच आहे की तीच जागा, त्याच दिवसांत, त्याच रीतीनं दरवर्षी मोजली जाते. एक काठ सुटला की यंदा चक्रवाक कमी आले की आपली माणसं कमी आली, हे पत्रक बघून कुणालाच सांगता येत नाही.

घरी आले तेव्हा सोळा जणांच्या भाकरी तशाच होत्या. कडक भाकरी टिकते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पुढचे आठ दिवस आमच्याकडे तीच. नवरा काही बोलला नाही, फक्त रोज ताटावर बसताना विचारायचा, “आज किती पक्षी जेवायला?”

मी दिवसभर एका टॉवेल कारखान्याच्या हिशेबखात्यात असते. पक्षी बघणाऱ्यांच्या एका छोट्या मंडळाची नऊ वर्षं सचिव होते. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यातल्या बहुतेक माझ्याच आहेत, दोन-चार मी जवळून पाहिलेल्या. मंडळ पक्ष्यांचं होतं म्हणून उदाहरणं पक्ष्यांची. तुमचं हौशी नाटकाचं, बुद्धिबळाचं, सायकलवाल्यांचं किंवा पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांचं असलं तरी नाव तेवढं बदलून वाचा.

अंगठा मोजू नका

ग्रुपवरच्या अंगठ्याचा अर्थ ‘मी येतो’ असा नसतो. ‘वाचलं’, ‘छान उपक्रम’, ‘जाग आली तर बघू’ यांपैकी काहीही असतो. अंगठा देणारा खोटं बोलत नाही, आपणच त्याच्या अंगठ्याला सही समजतो. आणि मग न आलेल्यांवर रविवारभर धुमसत बसतो.

यावर मला उपाय सापडला तो फोनचा. गुरुवारी संध्याकाळी एकेकाला फोन करायचा, पण ‘येणार का?’ असं विचारायला नाही. काम सांगायला. “तू भरावाच्या बाजूला. पत्रक तू लिहायचं. तुझ्यासोबत काका आहेत, दुर्बीण त्यांच्याकडे. ते सहाला तुझ्यासाठी नाक्यावर थांबतील.” कार्यक्रमाला दांडी मारणं सोपं असतं. थंडीत आपली वाट बघत उभ्या असलेल्या सत्तर वर्षांच्या काकांना दांडी मारणं तेवढं सोपं नसतं. ज्याला जमणार नाही तो तेव्हाच “नाही हो मॅडम, या वेळी नाही” म्हणतो, आणि गुरुवारी आलेला नकार रविवारच्या गैरहजेरीपेक्षा कितीतरी बरा. दुसऱ्या माणसाला फोन करायला वेळ मिळतो.

जी माणसं पहाटे उठूच शकत नाहीत त्यांना उठवायचा हट्टही मी सोडला. आमच्याकडे एक गृहस्थ रात्रपाळी करतात. नऊ वर्षांत एकाही मोजणीला आले नसतील, पण सगळी पत्रकं ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, चढवायचं काम त्यांनी घेतलं आणि सोमवारी दुपारपर्यंत चढवलेलं असतं. मी उगाच चार वर्षं त्यांना ‘नावापुरते सभासद’ म्हणत होते.

आणखी एक. न आलेल्यांना ग्रुपवर झापू नका. तो मेसेज मन लावून वाचतात ते आलेलेच, आणि त्यांनाच वाईट वाटतं.

भाकरी? ज्याचा डबा त्यानं आणायचा. एवढं ठरवायला मला सहा वर्षं लागली.

‘कुणीच नाही, तर मी करते’

सचिवपद कसं मिळतं ते ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत आहे. वार्षिक सभा संपत आलेली असते, अध्यक्ष विचारतात, “मग सचिव कोण?” आणि सगळे छताच्या पंख्याकडे बघायला लागतात. शांतता दहा सेकंदांची असते, पण सहन होत नाही. कुणीतरी म्हणतं, “मॅडम हिशेबातल्या आहेत, त्यांना काय अवघड!” मी म्हणाले, “बरं, एक वर्ष बघते.” ते एक वर्ष नऊ वर्षं चाललं, कारण ‘एक वर्ष’ हे मी मनात म्हटलं होतं, इतिवृत्तात नाही.

नन्नजच्या माळढोक अभयारण्याची एक गोष्ट मला इथं नेहमी आठवते. १९७९ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि नगर दोन जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले, सगळंच आलं. इतकं सगळं अभयारण्य म्हटल्यावर कुठलंच नीट अभयारण्य राहिना, लोकांचा मात्र रोष. पुढे हद्द कमी करून ती १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. हौशी मंडळातल्या सचिवाची हद्द पहिल्या दिवशी अशीच आखतात: जे काही येईल ते.

माझ्याकडे काय काय आलं? वनखात्याला परवानगीची पत्रं. शाळांतली व्याख्यानं. टी-शर्टांचे साइज. दोन सभासदांचं आपसातलं भांडण. आणि रात्री साडेदहाचे फोन. “मॅडम, आमच्या गच्चीत घुबड पडलंय, या की जरा.” गव्हाणी घुबडाचं पिल्लू असायचं, पांढरं तोंड, बदामी आकाराचं, अंगावर धावून आल्यासारखं फुसफुसणारं. मी रिक्षा करून जायचे. एकदा एका घरी पोचले तर त्यांनी त्याला चपलांच्या खोक्यात ठेवून दूध-भात समोर मांडला होता. घुबडाला दूध-भात! आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात असा पक्षी घरात पाळायला ठेवता येत नाही, हे सांगितलं की घरचे माझ्यावरच नाराज.

सातव्या वर्षी कुणीतरी सुचवलं, आणि ते मला कधी सुचलं नाही याची लाज वाटली. वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे. तो ग्रुपच्या वर्णनात टाकला, मंडळाच्या कार्डावर छापला. फोन आला की मी आधी तो नंबर द्यायला लागले, आणि ‘खोक्यात ठेवा, झाकणाला भोकं पाडा, खायला काही देऊ नका, अंधारात राहू द्या’ एवढं सांगायला लागले. निम्म्या रात्री वाचल्या.

म्हणून ‘हो’ म्हणायच्या आधी सभेतच विचारा: कुठल्या तारखेपर्यंत? माझ्या जोडीला कोण? किती रुपयांपर्यंतचा खर्च मी न विचारता करू शकते? आणि कुठलं काम माझं नाही? शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतील. हसू द्या, पण उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

खिशातले पैसे

ही चूक मी करावी हे जास्तच हास्यास्पद. कारखान्यात दोन रुपयांचा फरक निघाला तरी मी संध्याकाळी घरी जात नाही. मंडळात मात्र झेरॉक्स १२० रुपये, बॅनर ६००, पाहुण्यांची रिक्षा १५०, सगळं पर्समधून. ‘एवढ्याशाचं काय लिहायचं’ म्हणून लिहिलं नाही. एका एप्रिलमध्ये, बहुतेक उकाड्यानं झोप येत नव्हती म्हणून, मी वर्षभराचं आठवून आठवून जुन्या डायरीच्या पाठीमागच्या पानावर मांडलं. ११,४०० झाले. त्या रात्री मला पहिल्यांदा मंडळाचा राग आला. कुणी मागितले नव्हते, मीच दिले होते, तरी राग आला.

त्याच सुमारास मुलांचं उन्हाळी शिबिर झालं होतं. बेचाळीस मुलं, प्रत्येकी १५० रुपये. मंडळाचा क्यूआर कोड नव्हता, म्हणून माझ्या फोनवरचा दाखवला. ६,३०० रुपये माझ्या खात्यात आले आणि माझ्या खात्यातूनच खाऊ, वह्या, टेम्पो यांवर गेले. पुढच्या सभेत एका नव्या सभासदानं, निवृत्त गृहस्थ, हात वर केला. “शिबिराचे पैसे नेमके कुठं जमा झाले?”

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. कानशिलं गरम झाली. मी डायरीतलं ते मागचं पान फाडूनच आणलं होतं, ते टेबलावर आपटलं आणि म्हणाले, “हे बघा, माझे किती गेले ते आधी बघा.” आवाज कापत होता. सगळे गप्प. दोघी-तिघी त्या गृहस्थांकडे रागानं बघायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

सभा सुटल्यावर ते जिन्यात थांबले होते. म्हणाले, “मॅडम, तुम्ही खाल्ले असं मी म्हणत नाही ओ. उद्या तुमचा फोन हरवला, किंवा तुम्हीच मंडळ सोडलंत, तर आम्हाला कळणार कसं?”

प्रश्न बरोबर होता. हाच प्रश्न मी कारखान्यात रोज दुसऱ्यांना विचारते.

आता आमच्याकडे जे चालतं ते असं. पैसे फक्त मंडळाच्या खात्यात, मंडळाच्याच क्यूआरवर. खात्यावर दोन सह्या. कार्यक्रमाआधी खजिनदाराकडून उचल घ्यायची, आठ दिवसांत बिलांसकट हिशेब द्यायचा आणि उरलेले परत करायचे. बिल मिळालं की तिथंच उभं राहून फोटो काढायचा आणि खजिनदाराला टाकायचा. घरी जाऊन टाकू म्हटलं की ते पर्समध्ये मऊ होऊन जातं. टपरीवाला बिल देत नाही, तर साध्या कागदावर तारीख, रक्कम, कशासाठी आणि दोघांच्या सह्या. आणि ज्याला स्वतःच्या खिशातून द्यायचेच आहेत त्यानं आधी मंडळात भरावेत, पावती घ्यावी, मग मंडळानं खर्च करावा. दिलेल्या पैशाला पावती मिळाली की तो मनात साठत नाही. पावती नसलेला पैसा माणूस आयुष्यभर मोजत राहतो.

फुकट कार्यक्रमांबद्दलही माझं मत बदललंय. नन्नजच्या सहलीला आम्ही आधी काहीच घेत नव्हतो. तीस नावं यायची, बारा माणसं यायची, जीप मात्र तीन ठरवलेल्या. पन्नास रुपये आगाऊ ठेवल्यावर नावं वीस आली आणि माणसं अठरा. ‘आता मंडळ धंदा करायला लागलं’ असं एक-दोघं म्हणाले. म्हणू देत.

किल्ली कुणाकडे, ओटीपी कुणाला

मंडळाचा ई-मेल उघडायचा होता. पासवर्ड कुणालाच आठवेना. ‘नवीन पासवर्ड’ दाबलं, ओटीपी गेला बेंगळुरूला. मंडळ स्थापन झालं तेव्हा ज्या काकांनी खातं काढलं त्यांनी पुतण्याचा नंबर दिला होता. पुतण्या आता तिकडं नोकरीला, मीटिंगमध्ये. मी इकडं स्क्रीनकडे बघत बसले, तो तिकडून तासाभरानं आकडे पाठवायचा, तोवर ओटीपी शिळा झालेला. तीन दिवस हा खेळ चालला.

तो विनोद तरी होता. बँकेतला नव्हता. आमची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, कलम २२. आम्ही निवडणुका दर तीन वर्षांनी व्यवस्थित घ्यायचो, टाळ्या वाजवायचो, हार घालायचो. चेंज रिपोर्ट मात्र दोन वेळा दिलाच नाही. खात्यावरच्या सह्या बदलायला गेलो तेव्हा कळलं की सरकारी नोंदीत आमचे खजिनदार अजून तेच आहेत, ज्यांच्या तेराव्याला आम्ही सगळे गेलो होतो. बँकेनं नव्या सह्या घ्यायला नकार दिला आणि तिचं काही चुकलं नाही. उशीर माफ करून घ्यायचा अर्ज, जुनी इतिवृत्तं, मृत्यूचा दाखला, हेलपाटे. चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत मंडळाचे पैसे मंडळाला वापरता येत नव्हते, आणि पुन्हा कुणाची पर्स उघडली ते सांगायला नको.

निवडणूक झाली त्याच आठवड्यात वकिलाकडे किंवा या कामाची माहिती असलेल्या माणसाकडे जा. हारतुऱ्यांचे फोटो नंतर टाकले तरी चालतात. वर्ष ३१ मार्चला संपतं, हिशेब तपासून घ्यायला त्यानंतर सहा महिने असतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीएच्या दारात उभं राहिलात तर तो तुम्हाला का हाकलतो ते मी त्याच्या बाजूनं सांगू शकते.

वस्तूंचंही तेच. आमच्याकडे ८ बाय ४२ च्या दोन दुर्बिणी होत्या. त्यातली एक ‘दोन दिवसांसाठी’ गेली आणि दोन पावसाळे काढून आली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कातडी पिशवीत घालून कपाटात बंद ठेवली होती, बिचाऱ्यानं जपून ठेवली म्हणूनच ठेवली होती. आता वही आहे: कुणी नेली, कधी नेली, कधी आणणार, सही. दुर्बीण हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. वहीत सही करायला लाजणारा माणूस दुर्बीण परत करायलाही लाजतो, असा अनुभव.

तारीख ठरवताना कॅलेंडर उघडा, कालनिर्णयसुद्धा

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना आणि जानेवारीतच सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. संक्रांतीच्या आसपास तैलाभिषेक, अक्षता, होम, शोभेचं दारूकाम. ज्यांच्या घरचं कुणी नंदीध्वज पेलतं ती माणसं महिनाभर आधीपासून सरावात असतात, आणि ज्यांच्या घरचं कुणी पेलत नाही त्यांच्याकडे पाहुणे आलेले असतात. एका वर्षी मी अक्षतांच्या आदल्या दिवशी मोजणी ठेवली. का, ते विचारू नका, मी स्वतःला बरेचदा विचारलंय. गणनेला काही दिवसांची मुभा असते, एकच दिवस धरून बसायचं कारण नव्हतं.

नोव्हेंबरातला पक्षी सप्ताह त्याहून नाजूक. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, म्हणून राज्यात ५ ते १२ हा सप्ताह पाळतात. चितमपल्ली सोलापूरचेच, १९३२ मध्ये इथं जन्मले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथंच गेले. सोलापूरच्या मंडळानं हा सप्ताह सोडावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण २०२१ मध्ये ५ नोव्हेंबरला पाडवा होता आणि २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. अशा वर्षी शाळा बंद, माणसं गावी, आणि सचिवबाई आठ दिवसांच्या आठ कार्यक्रमांसाठी वक्ते शोधत कढईसमोर फोन कानाला लावून चकल्या तळताहेत. मी केलंय. चकल्या करपल्या आणि वक्ताही मिळाला नाही. अशा वर्षी एक कार्यक्रम करावा, तो नीट करावा, बाकीचे सात दिवस दिवाळी करावी.

उन्हाळ्याबद्दल बोलायलाच नको. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात सकाळी नऊनंतर माणसांना बाहेर काढणारं मंडळ पुढच्या वर्षी माणसं शोधत फिरतं.

नव्या माणसाला पहिल्याच सकाळी हरवू नका

नन्नजच्या माळावर पॉलिटेक्निकची एक मुलगी पहिल्यांदा आली होती. गवताच्या ठोंबावर तपकिरी, रेघारेघांचा एक छोटा पक्षी बसला होता. तिनं विचारलं, “ही चिमणी का?” आमचे एक ज्येष्ठ सभासद, त्यांनी पाहिलेल्या पक्ष्यांची यादी चारशेच्या पुढं, पटकन म्हणाले, “चिमणी घरी बघायची. हा चंडोल आहे.” चारजण हसले. मीही हसले असेन.

ती पुन्हा तीन महिने आली नाही. आम्ही सभेत ‘आजकालच्या पोरांना चिकाटी नाही’ यावर वीस मिनिटं बोललो.

मग कशासाठी तरी तिचा नंबर समोर आला आणि मी फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, मला काही येत नाही, मी येऊन काय करू?” मी म्हणाले, “लिहायला ये.” मोजणीत लिहिणारा माणूस दिवसभर जाणकाराच्या शेजारी असतो, प्रत्येक नाव ऐकतो, प्रत्येक आकडा विचारून घेतो. शिकायची याच्याहून चांगली जागा मला माहीत नाही, आणि आम्ही ती जागा कायम ‘कुणीही करेल’ म्हणून वाटत होतो. दोन हंगामांत ती चंडोलातला चंडोल ओळखायला लागली.

त्या ज्येष्ठांशीही मी भांडले नाही. त्यांना शिकवायला सांगितलं की ते शिकवत नाहीत, पण “काका, हिच्यासोबत उत्तर काठ घ्या, तुमच्याशिवाय तिकडचे थवे कुणाला मोजता येत नाहीत” म्हटलं की खुलतात. थव्यातले दहा मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा, मग असे तुकडे किती बसतात ते बघायचं: हे त्यांनी तिला काठावर बसून खडे मांडून शिकवलं. मी लांबून बघत होते.

मोठ्या लेन्सवाल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना फोटो हवा, मोजणाऱ्यांना आकडा, आणि दोघं एका जीपमध्ये बसले की वाटेतच वाद. भोवत्या हे शिकारी पक्षी हिवाळ्यात रात्री जमिनीवरच, गवतात उतरतात. तिथं एक जण फोटोसाठी आत चालत गेला की सगळे उठतात आणि संध्याकाळची मोजणी संपते. दोन्ही सहली वेगळ्या दिवशी ठेवल्या, आणि घरट्याचं ठिकाण ग्रुपवर टाकायचं नाही एवढा एक नियम ठेवला. वाद मिटला नाही, जीपमधून बाहेर गेला.

रात्री पावणेबाराचा राजीनामा

शेवटची चूक मी करता करता राहिले. टी-शर्ट उशिरा आले, रंगही चुकला, आणि ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘नियोजनाचा अभाव’. दोनच शब्द. मी अंथरुणात बसून राजीनामा लिहायला घेतला. नऊ वर्षांचं सगळं आलं त्यात, भाकरीसुद्धा. पाठवायच्या आधी नवऱ्याला वाचून दाखवला. त्यानं पूर्ण ऐकला आणि विचारलं, “तू शेवटचा पक्षी कधी बघितलास?”

मला सांगता आलं नाही. नन्नजला गेल्या सहलीला मी जीपवाल्याशी भाड्यावरून बोलत होते. त्याआधीच्या मोजणीत पत्रकं गोळा करत होते. संभाजी तलावावर शाळेची मुलं नेली तेव्हा मुलं मोजत होते, पक्षी नाही. दुर्बीण गळ्यात होती, डोळ्यांना लावली नव्हती. दोन वर्षं तरी.

तुमच्यातल्या कुणाला हल्ली मंडळाच्या कामाचा वीट आला असेल तर बाकी सगळ्याच्या आधी हे तपासा. बुद्धिबळाच्या मंडळात असाल तर शेवटचा डाव कधी खेळलात? नाटकाच्या मंडळात असाल तर शेवटची तालीम दारात उभं न राहता, खुर्चीवर बसून कधी पाहिलीत? उत्तर पटकन आलं नाही तर चिडचिड लोकांमुळे कमी आणि यामुळे जास्त आहे.

मेसेज मी पुसला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना भेटायला गेले, फोन न करता. ३१ मार्चपर्यंत करते, पुढं नाही, असं सांगितलं. “बघू की मॅडम, मार्चला अजून वेळ आहे,” ते म्हणाले. मी म्हणाले, बघू नका, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. पाच महिने हाताशी होते. दर महिन्याला एक काम दुसऱ्याकडे दिलं: आधी टी-शर्ट आणि शाळा, मग वनखात्याची पत्रं, मग किल्ल्या, ई-मेल आणि ओटीपीचे नंबर, शेवटी इतिवृत्त. दिलेलं काम त्यांनी चुकीचं केलं तरी परत घेतलं नाही. हे सगळ्यांत अवघड गेलं. एका पत्रात वनखात्याच्या अधिकाऱ्याचं पदच चुकलं होतं, मला रात्रभर झोप नाही. परवानगी मात्र आली.

सभेत “मग सचिव कोण?” असं विचारल्यावर लोकांनी पुन्हा पंख्याकडे बघितलं. मीही बघितलं. दहा सेकंद झाले, वीस झाले. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. मग पॉलिटेक्निकच्या त्या मुलीनं वहीतून मान वर केली आणि विचारलं, “कुठल्या तारखेपर्यंत? आणि जोडीला कोण?”

यंदा जानेवारीत गुरुवारी संध्याकाळी फोन आला. “मॅडम, तुम्हाला उत्तर काठ. तुमच्यासोबत एक नवीन मुलगा आहे, तो लिहील. दुर्बीण तुमची घ्या, मंडळाची दुसरीकडे दिलीय. डबा आपापला.” शिबिर, माणसं, चहा यातलं मी काही विचारलं नाही, म्हणजे तोंडावर आलं होतं, पण नाही विचारलं.

रविवारी सव्वासहाला उत्तर काठावर धुकं होतं. मुलगा हुडहुडत पॅड धरून बसला. धुकं उठेपर्यंत फक्त आवाज: टिटवी, लांब कुठंतरी चक्रवाकांची आँग-आँग. मग हळूहळू पाणी दिसायला लागलं आणि पाण्यावर काळे ठिपके. वारकरी पक्षी. दहा मोजले, तुकडा डोळ्यांत धरला.

“लिही,” मी म्हणाले. “वारकरी, दोनशे दहा.”

“मॅडम, ते पांढऱ्या कपाळाचे का?”

“तेच. थांब, उजवीकडं अजून आहेत.”